जुन्या वॅगनचे पथ्यपाणी

‘स्टेशन वॅगन’ या नावातले स्टेशन म्हणजे रेल्वेचेच स्टेशन. आगगाडीतून उतरलेली माणसे आणि त्यांच्या पेट्या-वळकट्या एकाच खेपेत मुक्कामी पोहोचवण्यासाठी अमेरिकेत जी गाडी वापरीत, तिच्यावरून हे नाव पडले. माणसे आणि ओझे यांना एकाच छपराखाली जागा देणे हा तिचा मूळ धर्म. आपल्याकडे टाटांनी १९९२ साली ‘इस्टेट’ नावाची अशी गाडी बाजारात आणली. ती पुण्यात तयार होई. पुढे १९९४ साली त्याच घरातून ‘सुमो’ आली आणि अधिक माणसे बसवणाऱ्या त्या गाडीलाच लोकांनी पसंती दिली. इस्टेट मागे पडली. तिचे उत्पादनही केव्हाच थांबले. आमच्या वसईच्या घरी मात्र १९९६ सालची एक इस्टेट अजून चालते आहे.

ती बाबांनी घेतली तेव्हा आम्ही तिघे भाऊ एकाच चुलीवर जेवत होतो. पहाटे मागची आसने पाडून भाजीच्या पाट्या, दुपारी खताची पोती, आणि रविवारी स्वच्छ पुसून सगळे कुटुंब मिस्साला, असा तिचा क्रम असे. सप्टेंबरात वांद्र्याची मोतमावलीची जत्रा ठरलेली. रात्री-अपरात्री शेजारपाजारी कोणी आजारी पडले, तर मागे गादी अंथरून रुग्णाला आडवे नेता येईल अशी गाडी आळीत दुसरी नव्हती. बाबा २०१२ साली देवाघरी गेले. चुली वेगळ्या झाल्या, अंगणात नव्या गाड्या आल्या. ही मात्र तिघांची राहिली. आई आता ब्याऐंशीची आहे. उंच गाडीत तिला चढवत नाही, ठेंगण्या गाडीत वाकून शिरवत नाही. इस्टेटच्या आसनावर ती सहज टेकते आणि तिची चाकांची खुर्ची घडी न करताही मागे मावते.

अशा गाडीचे इंजिन ही सर्वांत कमी काळजीची बाब, असे सांगितले तर वाचकांना नवल वाटेल. १९४८ घनसेंटिमीटरचे ते डिझेल इंजिन सुमोलाही बसवलेले असल्यामुळे त्याचे सुटे भाग पुष्कळ वर्षे मुबलक मिळाले, आणि आजही शोधले तर मिळतात. त्याची भाषाही सरळ आहे. थंडीत सकाळी पांढरा धूर सोडीत ते कुरकुरले, तर आधी हीटर प्लग तपासावेत. काळा धूर येऊ लागला, तर एअर फिल्टर चोंदला आहे का, नोझल डिझेल नीट फवारते आहे का, ते पाहावे. निळसर धूर मात्र वंगण जळत असल्याची खूण. तिथे खर्चाची तयारी ठेवावी. डिझेलच्या नळीत हवा शिरली की गाडी जागची हलत नाही, पण फिल्टरवरचा हातपंप मारून ती हवा काढून टाकण्याचे काम घरातल्या शाळकरी मुलांनाही येते. आमच्या मिस्त्रींनी तीन पिढ्यांना ते शिकवले.

ब्रेकचे तसे नाही. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि वसईच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेहून परतताना कसारा घाट उतरावा लागतो. सतत ब्रेक दाबून ते तेल तापले, की त्यात शोषलेल्या पाण्याची वाफ होते आणि पायाखालचा ब्रेक खोल जातो. म्हणून दर दोन वर्षांनी, ऑइल कितीही स्वच्छ दिसत असो, ते बदलायचे हा घरचा नियम आहे. टायरच्या बाबतीतही दिसण्यावर विसंबू नये. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत असली, तरी रबर म्हातारे होते.

वॅगनची स्वतःची म्हणून काही दुखणी असतात आणि ती बहुधा पाठीमागे असतात. तिची पाठ चौकोनी असल्यामुळे धावताना मागे हवेचा भोवरा तयार होतो. मागच्या काचेवर एवढी धूळ बसते ती त्यामुळेच. दाराभोवतीचे रबरी बीडिंग कडक होऊन चिरले, की तोच भोवरा धूर आत ओढून घेतो. मागे बसलेली मुले पेंगू लागली, डोके दुखते म्हणू लागली, तर आधी बीडिंग पाहावे. लांब बांबू न्यायचे म्हणून मागचे दार उघडे ठेवून गाडी चालवणे तर सर्वस्वी वर्ज्य. दार वर तोलून धरणारे गॅसचे दांडेही कालांतराने जीव सोडतात. मग एकाने बांबूचा टेकू द्यायचा आणि दुसऱ्याने सामान काढायचे, असा खेळ सुरू होतो. (या टेकूने आमच्यातल्या एकाच्या डोक्याला टेंगूळ आणले आहे; कोणाच्या, ते लिहिण्याची परवानगी मिळाली नाही.) मागे ओझे भरले, की पुढचे दिवे वर उचलले जातात आणि समोरच्याचे डोळे दिपतात, हेही ध्यानात ठेवावे लागते.

पण जुन्या गाडीचा खरा शत्रू गंज. तो आवाज करीत नाही, धूर सोडीत नाही. चाकांच्या कमानीत पावसाळ्याचा चिखल साचतो, दारांच्या तळाशी पाणी जाण्यासाठी ठेवलेली बारीक भोके मातीने बुजतात, पायपुसण्याखालची ओल आठवडेच्या आठवडे तशीच राहते. त्यात मीठ आले की पाहायलाच नको. लग्नाच्या घरी अर्नाळ्याहून बर्फातली मासळी आणायला हीच गाडी जाई. ते खारे पाणी कोठे झिरपले, याचा हिशेब पत्र्याने ठेवला.

गेल्या पावसाळ्यानंतर मिस्त्रींनी मागचे जाजम उचलले तेव्हा जमिनीच्या पत्र्यातून खालचा रस्ता दिसला. एका गॅरेजवाल्याने आधी सुचवले होते, की लांबी भरून वर रंग मारला म्हणजे पासिंगपुरते कोणास कळणार नाही. त्याच्याकडे आम्ही पुन्हा गेलो नाही. आमच्या मिस्त्रींनी हातोडी आणि पेचकस घेतला, गाडीखाली पाठीवर झोपून चौकटीच्या दोन्ही पट्ट्या टोकापासून टोकापर्यंत ठोकून पाहिल्या. निरोगी लोखंड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. आम्ही तिघे बाजूला उभे राहून ऐकत होतो. “भाऊ, पत्रा मी बदलून देईन,” बाहेर येऊन ते म्हणाले, “पण चौकटच कुजली असती ना, तर ठिगळ मारून दिले नसते.” चौकट वाचली होती. जमिनीचा कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडला, खालून गंजरोधक लेप दिला. आता पावसाळ्यात दर आठवड्याला गोड्या पाण्याने गाडीचे पोट धुण्याची पाळी तीन घरांत वाटून दिली आहे.

नोंदणीची मुदत २०२६ च्या ऑगस्टात संपते. वीस वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क २०२५ च्या ऑगस्टात ५,००० वरून १०,००० रुपये झाले; पर्यावरण कर वेगळा. थोरल्या भावाच्या मुलाचे म्हणणे, एवढ्या पैशांत आजीला वर्षभर भाड्याच्या गाडीने हिंडवता येईल. त्याचा दुसरा मुद्दा अधिक जड आहे. नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. हिच्यात नाही, आणि हिची काजळी शेजाऱ्यांच्याच मुलांच्या छातीत जाते. तो बोलतो ते खोटे नाही. त्यामुळे भाजी आता टेम्पोने जाते, जत्रांना आम्ही रेल्वेने जातो. आईचे देवळात आणि दवाखान्यात जाणे, आणि आळीत कोणास आडवे न्यायची वेळ आली तर ती, एवढ्यापुरतीच इस्टेट बाहेर निघते. चौकट बद्द वाजेल त्या वर्षी ती भंगारात द्यायची, यावर तिघांचेही एकमत झाले आहे. आईला हे अजून सांगितलेले नाही.

ऑगस्टपूर्वी दोन कामे उरली आहेत. पुढच्या डाव्या चाकाचे बुश मिस्त्रींनी मागवून ठेवले आहे. मागच्या दाराचे बीडिंग मात्र नवे मिळत नाही. जुन्या सुट्या भागांच्या बाजारात कोठे शाबूत सापडते का, हे पाहायला धाकटे बंधू येत्या शनिवारी कुर्ल्याला जाणार आहेत.