आपेंझेलचा चौक

स्वित्झर्लंडास जाणारे आपल्याकडील बहुतेक प्रवासी हिमशिखरें, सरोवरें आणि घड्याळांचीं दुकानें पाहून परततात. त्यांत वावगें असें कांहींच नाहीं. परंतु राज्यघटना ही काय वस्तु आहे, हें ज्यास पुस्तकाबाहेर पाहावयाचें असेल, त्यानें एप्रिलच्या शेवटच्या रविवारीं त्या देशाच्या ईशान्येकडील आपेंझेल या गांवीं अवश्य जावें. तेथें कायदे लोकांच्या हातांनीं होतात. आणि हें आम्ही अलंकारानें बोलत नसून अगदीं अक्षरशः बोलत आहों.

झुरिचहून सेंट गालन हें शहर आगगाडीनें सुमारें तासाभराच्या वाटेवर आहे. तेथून अरुंद रुळांची लहानशी गाडी हिरव्या टेंकड्यांतून वळणें घेत आपेंझेलास पोंचते. लांकडी घरांच्या दर्शनी भिंती रंगीत चित्रांनीं सजविलेल्या, आणि पाठीशीं २५०२ मीटर उंचीच्या सेंटिस शिखरावर अजून बर्फ. हा मुलूख १५१३ सालीं स्विस संघांत आला. पुढें धर्ममतांच्या भांडणांत १५९७ सालीं भाऊबंदांच्या वांटणीप्रमाणें त्याचे दोन भाग झाले: कॅथॉलिकांचें इन्नररोडन आणि प्रॉटेस्टंटांचें आउसररोडन. आपेंझेल ही इन्नररोडनची राजधानी. या कँटनची, म्हणजे संघांतील घटक राज्याची, लोकसंख्या अवघी सोळा हजारांच्या आसपास. आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गांवाएवढी!

दुपारीं बारांच्या सुमारास वाद्यांच्या गजरांत अधिकाऱ्यांची मिरवणूक चौकांत येते. चौकांत दोर बांधून आवार केलेलें असतें. मतदारांनीं आंत उभें राहावयाचें, आमच्यासारख्या पाहुण्यांनीं बाहेर. या सभेस ‘लांड्सगेमाइंड’ म्हणतात. पुरुषांपैकीं अनेकांच्या कमरेस तलवार किंवा खंजीर असतो. तो केवळ शोभेसाठीं नव्हे. वडिलांकडून मुलाकडे आलेलें हें शस्त्र म्हणजेच त्याचा मताधिकाराचा परवाना. सभेंत सर्वांची शपथ होते. ‘लांडअम्मान’ हा कँटनचा प्रमुख, त्याचे सहकारी व न्यायाधीश निवडले जातात आणि कायद्यांचे ठराव मांडले जातात. ज्यास बोलावयाचें असेल तो मतदार व्यासपीठावर चढून बोलतो. मग हात वर होतात, आणि कोणती बाजू अधिक, हें बहुधा नजरेच्या अंदाजानेंच ठरतें. संशय उरला तरच मोजणी.

हें दृश्य पाहून मन भारावतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. शेजाऱ्यासमोर उघडपणें हात वर करावयाचा म्हणजे आपल्या मताची जबाबदारी पत्करावयाची. परंतु सावकारासमोर ऋणकोनें आणि मालकासमोर नोकरानें हात वर करावयाचा, हीही त्याचीच दुसरी बाजू आहे. गुप्त मतदान हा आज जगन्मान्य नियम. म्हणून नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९९२ सालीं मान्य करतांना स्वित्झर्लंडास या सभांसाठीं त्यांतील गुप्त मतदानाच्या कलमास अपवाद नोंदवावा लागला.

याहून मोठा प्रश्न दोराच्या आंत कोण, हा होता. १९५९ सालीं संघाच्या मतदानांत स्विस पुरुषांनीं स्त्रियांचा मताधिकार फेटाळला, तेव्हां इन्नररोडनमधील शेंकडा ९५ मतें विरुद्ध पडलीं. ७ फेब्रुवारी १९७१ रोजीं देशानें तो मान्य केला. पण कँटनच्या निवडणुकांस कँटनचाच कायदा लागू, असें संघाच्या घटनेंत कलम होतें. त्यामुळें येथील स्त्री देशाच्या कायद्यावर मत देऊं शके, पण स्वतःच्या गांवच्या चौकांत तिला दोराबाहेर उभें राहावें लागे! १९७३ आणि १९८२ सालीं पुरुषांनीं नकारच दिला. शेजारच्या आउसररोडननें १९८९ सालीं स्त्रियांस आंत घेतलें. तरी २९ एप्रिल १९९० रोजीं इन्नररोडनच्या पुरुषांनीं पुन्हां नकारार्थी हात वर केले.

तेव्हां कँटनमधील स्त्रियांनीं, आणि त्यांच्या बाजूनें कांहीं पुरुषांनींही, लोझान येथील संघन्यायालयाकडे दाद मागितली. २७ नोव्हेंबर १९९० रोजीं निकाल लागला. कँटनच्या १८७२ सालच्या घटनेंत मतदारांस ‘लांटलॉयटे’, म्हणजे ‘देशचे लोक’, असा शब्द होता. या शब्दानें पुरुषच समजावयाचे, ही रूढि. न्यायालय म्हणालें, शब्द ‘लोक’ असा आहे आणि स्त्रियाही लोकच आहेत. १९८१ सालीं संघाच्या घटनेंत स्त्रीपुरुषसमतेचें कलम आलें असल्यानें या शब्दाचा अर्थ आतां त्याच्या प्रकाशांतच केला पाहिजे. कँटनला राखून ठेवलेला अधिकार समतेच्या आड येऊं शकत नाहीं. घटनेचें एक अक्षरही न बदलतां अर्थ बदलला. बहुमतास पुष्कळ कांहीं ठरवितां येतें. पण बहुमत कोणाचें मोजावयाचें, हें आधींच आंत बसलेल्यांनीं एकट्यांनीं ठरवावें काय, हाच या निकालाचा गाभा आहे.

२८ एप्रिल १९९१ रोजीं स्त्रिया प्रथम त्या आवारांत शिरल्या. त्यांच्या हातीं तलवारीऐवजीं मतदाराचें साधें कार्ड होतें. बुडेल म्हणून ज्याची भीति घातली जात होती, तें कांहींही बुडालें नाहीं. १९९६ सालीं याच चौकानें रूथ मेट्झलर या तरुणीस कँटनच्या खजिन्याची प्रमुख निवडलें, आणि १९९९ सालीं ती देशाच्या सात जणांच्या मंत्रिमंडळांत जाऊन बसली. उलट आउसररोडननें मात्र १९९७ सालीं आपली सभाच बंद केली.

हें वाचून आमच्या वाचकांस अभिमान वाटेल कीं, आपल्या घटनेनें १९५० सालींच स्त्रीपुरुषांस सारखें मत दिलें. अभिमान रास्तच आहे. परंतु १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या याद्या होत असतांना, विशेषतः उत्तरेकडील प्रांतांत, असंख्य स्त्रियांनीं परक्यास आपलें नांव सांगितलें नाहीं. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशाच नोंदी झाल्या. मुख्य निवडणूक अधिकारी सुकुमार सेन यांनीं स्वतःच्या नांवाचा आग्रह धरला, आणि सुमारें २८ लक्ष स्त्रियांच्या नोंदी याद्यांतून गळल्या. तिकडे हक्क नाकारणारा कायदा होता. इकडे कायद्यानें दिलेला हक्क घराच्या उंबरठ्यावर अडला.

ओसरीवरील बैठकींत घराचे निर्णय व्हावेत आणि माजघरानें ते नंतर ऐकावेत, ही रीत आपल्या मोठ्या कुटुंबांस अपरिचित नाहीं. तीही एक घटनाच, केवळ लिहिलेली नव्हे. ‘सर्वांनीं मिळून ठरविलें’ असें घरांत कोणी म्हणालें, तर त्या ‘सर्वां’त कोण कोण धरलें आहे, हें विचारण्याची संवय मुलांमुलींस लहानपणींच लागावी. नागरिकशास्त्राचा याहून चांगला पहिला धडा आम्हांस तरी ठाऊक नाहीं.