खडूच्या खुणा

हातात खडू घेऊन फळ्यासमोर उभे राहण्यात माझी वीस वर्षे गेली. पण परवा आमच्या वाईच्या घरात एका साध्या भिंतीसमोर खडू घेऊन उभा राहिलो, आणि तो कुठे टेकवावा तेच कळेना! वायरमन बजावून गेला होता, "सर, प्लग कुठे कुठे हवेत त्या खुणा करून ठेवा. एकदा पट्ट्या ठोकल्या की मग फिरवाफिरव नाही."

आमचे घर आजोबांच्या वेळचे. वीज मागाहून आली आणि परक्या पाहुण्यासारखी बिचकतच आली. खोलीला एक दिवा आणि साऱ्या घरात मिळून प्लग एकच. तोही माजघरात, पुरुषभर उंचीवर, वडिलांच्या रेडिओसाठी. पुढे इस्त्री आली, मिक्सर आला, फ्रीज आला, मोबाइल आले. त्या सगळ्यांना आम्ही त्या एकाच प्लगातून वायरी ओढून पोसले. आषाढात एका रात्री आई पाणी प्यायला उठली आणि तिचा पाय त्याच वायरीत अडकला. मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. दिवाळीपूर्वी घरातल्या सगळ्या तारा बदलायच्या, असे मी तेव्हाच ठरवले.

वायरमन वयाने लहान, पण कामात पक्का. भिंती मातीच्या, खाचा मारल्या तर भिंतच हातात यायची, म्हणून तारा वरूनच पट्टीतून न्यायच्या असे त्याने सांगितले. २००० वॉटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, तेव्हा त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट. नळाच्या जवळ एकही प्लग नाही. आणि जुन्या दोन भोकांच्या जागी सगळीकडे तीन. तिसरी पिन जाड आणि लांब का असते, हे मला या वयात प्रथमच समजले. ती अर्थिंगची. आत जाताना ती सर्वांच्या आधी टेकते आणि बाहेर येताना सर्वांच्या मागून सुटते. प्रत्येक घरात असे एखादे माणूस असतेच, नाही का?

मी खुणा करू लागलो तसे हक्क सांगणारे गोळा झाले. पत्नीला ओट्यापाशी दोन हवे होते, मुलीला उशाशी एक. मला टेबलापाशी हवा होता. आई मात्र म्हणाली, "मला रे कशाला हवाय प्लग?" तरीही तिच्या खाटेजवळ मी जमिनीपासून फूटभर उंचीवर फुली मारली. नव्या घरांत तेवढ्याच उंचीवर पाहिले होते.

वायरमनने ती फुली पाहिली आणि म्हणाला, "आजी, जरा खाटेवर आडव्या व्हा बरं. आता दिवा लावायचाय असं समजून हात पुढे करा."

आई आडवी झाली. तिने हात लांब केला. माझी फुली खाली, खाटेच्या आड राहिली होती. ते दुखरे मनगट तिथवर वळणे शक्यच नव्हते. तिने माझ्या हातातला खडू घेतला आणि जिथे हात सहज पोचला तिथे एक वेडीवाकडी रेघ ओढली.

मी भिंत पाहून खुणा केल्या होत्या; हात कुणी पाहिला होता? मी ओल्या फडक्याने माझ्या सगळ्या फुल्या पुसल्या आणि घरातल्या एकेकाला उभे करून, बसवून, निजवून पुन्हा पहिल्यापासून खुणा केल्या.

शेवटी राहिला रेडिओचा जुना प्लग. तो काढायलाच हवा होता. शिडीवर चढलेल्या वायरमनने विचारले, "हा एवढा उंच कुणी बसवला?"

"ह्याच्या बाबांनी," आई म्हणाली. "आधी खालीच होता. पण हा रांगायला लागला आणि एक दिवस कुलपाची किल्ली घेऊन तिथं जाऊन बसला. त्याच संध्याकाळी त्यांनी तो वर नेला, ह्याचा हात पोचू नये म्हणून."

मी काहीच बोललो नाही. खाटेशेजारच्या त्या वेड्यावाकड्या रेघेकडे पाहत राहिलो. तिथे आता नवा प्लग बसायचा होता, आईचा हात पोचावा म्हणून.