वजाच्या चिन्हाची टिपणे

नेहमीच्या भूमितीत लांबीचा वर्ग म्हणजे घटकांच्या वर्गांची बेरीज, त्यामुळे शून्य लांबीचा सदिश एकच: शून्य. काही वर्गांपुढे वजा आला की (१, १) चीही लांबी शून्य भरते. मिन्कोव्स्कीने १९०८ साली कोलोनच्या व्याख्यानात मांडलेल्या अवकाशकाळात प्रकाशाच्या दिशा अशाच. भौतिकवाल्यांना त्या प्रिय. मॅट्रिक्सचे अवयव पाडणाऱ्याला मात्र नेमकी तिथेच ठेच लागते.

•

साधं फिरवणं चूक वाढवत नाही. हायपरबोलिक फिरवणं, म्हणजे वजा चिन्हाची लांबी राखणारं फिरवणं, वाढवतं. दोन घटकांचं गुणोत्तर ०.९९९९ असेल तर सुमारे १४१ पटीपर्यंत. सदिश शून्य लांबीच्या जितका जवळ, तितका हा आकडा बेफाम.

•

हे हायपरबोलिक फिरवणं लागतं कुठे? लघुतम वर्गांच्या गणितात जुनी नोंद काढून टाकायची असते तेव्हा. नोंद मिळवणं निर्धोक. काढणं म्हणजे चोलेस्की अवयवातून (धन-निश्चित मॅट्रिक्सच्या त्रिकोणी ‘वर्गमुळातून’) वजाबाकी, आणि सगळी गोम तिच्यात. चार सार्थ अंकांवर करून पाहा: १ वजा ०.९९४६ चा वर्ग. वर्ग ०.९८९२, उत्तर ०.०१०८. आता तेच (१ − ०.९९४६) गुणिले (१ + ०.९९४६) असं करा: ०.०१०७७. खरं उत्तर ०.०१०७७०८. बीजगणित तेच, क्रम वेगळा.

•

याच जातीची युक्ती: हायपरबोलिक फिरवण्यात दुसरा घटक जुन्या पहिल्यावरून नव्हे, नुकत्याच काढलेल्या नव्या पहिल्यावरून काढायचा. बोयान्चिक, ब्रेंट, व्हान डोरेन आणि डे हूग यांनी १९८७ मध्ये या रूपाचं स्थैर्य दाखवलं. अर्थात प्रश्नच नाजूक असेल तर कुठलीही युक्ती तारत नाही.

•

आता सममित पण धन-निश्चित नसलेली मॅट्रिक्स घ्या: पहिली ओळ (१०⁻²⁰, १), दुसरी (१, १). सरळ अवयव पाडले तर कर्णावर दुसरी संख्या १ − १०²⁰ येते. संगणकाच्या सोळा-एक अंकांत तो १ कुठल्या कुठे जातो. अवयव पुन्हा गुणले की खालच्या कोपऱ्यात १ च्या जागी ० मिळतो. मॅट्रिक्समध्ये वाईट काही नव्हतं. वाईट होता पिव्हट, म्हणजे ज्याने भागलं तो कर्णावरचा आकडा.

•

बंच आणि पार्लेट यांचा १९७१ चा उपाय मला फार आवडतो. एक संख्या पिव्हट म्हणून भरवशाची नसेल तर दोन बाय दोनचा ठोकळाच पिव्हट घ्या. १९७७ मध्ये बंच-कॉफमननी पिव्हटची शोधाशोध स्वस्त केली; त्यातली कसोटीची संख्या सुमारे ०.६४. गंमत अशी, की यात त्रिकोणी अवयवाचे आकडे कितीही फुगू शकतात, तरी पद्धत स्थिर राहते. हायमने ते १९९७ मध्ये सिद्ध केलं.

•

चोलेस्की अडलं की कर्णावर थोडंसं काही मिळवून गाडी पुढे रेटायची सवय अनेकांना असते. त्याने मूळ प्रश्नच बदलतो. तसं मुद्दाम करायचं नसेल, तर लॅपॅक या मॅट्रिक्स-गणिताच्या सॉफ्टवेअर-संग्रहात बंच-कॉफमन तयार आहे, तेच वापरा.