अंगणांतील हरळी

आमच्या प्रभादेवीच्या इमारतीपुढें 20 फूट लांब व 15 फूट रुंद असा जमिनीचा एक तुकडा आहे. त्यास आम्ही मोठ्या डौलानें 'हिरवळ' म्हणतों. सन 2024 च्या मे महिन्यांत मात्र त्या नांवाची लाज वाटावी अशी त्याची दशा झाली होती. काथ्याचें जुनें पायपुसणें पसरावें तसें सारें गवत पिंगट व राठ झालें होतें, आणि चालूं लागलें कीं पायाखालीं कुरकुर वाजे.

पाण्याची त्या वर्षीं ओढच होती. तलावांतील सांठा उतरला म्हणून महापालिकेनें 30 मेपासून पुरवठ्यांत 5 टक्के व 5 जूनपासून 10 टक्के कपात केली. आमच्या सोसायटीनें तर त्यापूर्वींच बागेची नळी बंद करविली, व तें योग्यच झालें. माणसांस पाणी पुरत नसतां गवतास पाजणें मलाहि रुचलें नसतें. परंतु त्याआधीं मीं जें केलें तें येथें कबूल केलें पाहिजे. एप्रिलभर मी रोज सायंकाळीं झारीनें थोडथोडें पाणी शिंपीत होतों. त्यानें वरची माती तेवढी ओली होई. मुळें खोल न जातां वरच घुटमळत राहिलीं, आणि मेच्या उन्हांत तींच प्रथम भाजलीं. गवत पिवळें पडूं लागतांच मीं आणखी एक शहाणपण केलें. मुठीनें युरिया फेंकला. कोरड्या मातींत पडलेलें तें खत म्हणजे तहानेल्याच्या तोंडांत घातलेलें मीठ! जेथें मूठ सैल सुटली तेथें काळपट डाग उठला.

"काका, आतां नाद सोडा," पुतण्या म्हणाला. "पेव्हर ब्लॉक बसवूं. येत्या सभेंत ठराव मांडतों." आपल्या म्हणण्यास पुरावा म्हणून त्यानें शिवाजी पार्काचें उदाहरण दिलें. 1925 सालीं लोकांस खुलें झालेलें एवढें थोरलें मैदान. पण तेथील गवत जाऊन धूळ उडते म्हणून शेजारचे रहिवासी वर्षानुवर्षें तक्रार करीत आले आहेत. मीं म्हटलें, तेथें रोज हजारों पाय फिरतात, गवतानें तरी काय करावें? पण माझ्या बोलण्यांत जोर नव्हता. काळे डाग समोर दिसत होते.

खरी अडचण थोरल्या वहिनींची होती. सिद्धिविनायकाचें देऊळ आमच्यापासून फार तर दहा मिनिटांच्या वाटेवर. परंतु गुडघ्यांनीं दगा दिल्यापासून त्यांस तेवढेंहि चालवत नाहीं. देवळाच्या वाटेवर दूर्वांच्या जुड्या विकत मिळतात, नाहीं असें नाहीं. पण स्वतः वांकून खुडलेल्या एकवीस दूर्वा वाहिल्या म्हणजे आपण देवळांत जाऊन आलों, असें त्या मानीत. त्या दूर्वा याच तुकड्यांतल्या. आमची हिरवळ म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून साधी हरळी, आणि हरळी म्हणजेच दूर्वा.

ठरावाची वार्ता ऐकून त्या भिंतीच्या आधारानें खालीं आल्या. "भाऊजी, मेलंय कीं निजलंय, तें आधीं पाहा," असें म्हणून त्यांनीं माझ्याकडून खुरप्यानें एक झुबका उपटविला. वरचीं पातीं चुरचुरत होतीं. पण बुडाशीं, मातीच्या आंत, पेर पांढरें, टणक व ओलसर होतें. युरियाच्या डागांतला झुबका काढला तर तो तपकिरी भुशासारखा बोटांतून गळला. इतकीच परीक्षा. मीं तीस वर्षें मुलांकडून अमरकोश घोकून घेतला. दूर्वेचीं शतपर्विका, सहस्रवीर्या, रुहा, अनन्ता हीं नांवें मला झोंपेंतहि येतात. शतपर्विका म्हणजे शंभर पेरांची, हें फळ्यावर शेंकडों वेळां लिहिलें. पण तें पेर हातांत धरून पाहण्याचा योग वहिनींमुळें आला! शेतकरी मात्र हें कोशावांचून जाणतो. नांगरून वेंचून बांधावर टाकलेली हरळी एखाद्या चुकार पेरापासून पुनः शेतभर होते म्हणून तो तिला शिव्या देतो.

सभेनें गणेशचतुर्थीपर्यंत मुदत दिली. मग मीं गणित मांडलें. निजलेलें गवत हिरवें करावयाचें नव्हतें, केवळ पेरें जिवंत राखावयाचीं होतीं. त्यास दोनतीन आठवड्यांतून एकदां अर्धा इंच पाणी पुरतें. 300 चौरस फुटांवर अर्धा इंच म्हणजे सुमारे 355 लिटर, अर्थात् 20 लिटरच्या 18 बादल्या. एवढ्या एकदम आणणार कोठून? म्हणून सुतळीनें तुकड्याचे 18 पट्टे पाडले. घरांतील सुनांनीं तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेलें पाणी सांठवावें, आणि रोज पहांटे एका पट्ट्यास एक बादली सावकाश जिरवावी. साबणाचें पाणी वर्ज्य, पायहि वर्ज्य. मुलांचें क्रिकेट गच्चीवर गेलें, त्याबद्दल वरच्या मजल्यावरून बोलणीं ऐकावीं लागलीं.

एक फेरा पुरा होऊन दुसरा चालूं असतां 9 जूनला मोसमी पाऊस मुंबईस पोंचला. तरी मीं घाई केली नाहीं. माती नरम झाल्यावर पहारेनें जागोजाग भोंकें पाडून चाळलेलें शेणखत व तांबडी माती पसरली. लव्हाळा डोकें काढूं लागला, तो गांठीसकट उपटला. नवीं पातीं बोटभर झाल्यावर वरचा तिसरा हिस्सा तेवढा कापला, अधिक नाहीं. डागांतली माती उकरून बदलली व चांगल्या भागांतल्या मुळ्या वीतवीत अंतरानें रोंवल्या. भिंतीकडचा हातभर पट्टा वहिनींसाठीं न कापतां राखला. पुतण्यास तो ओबडधोबड दिसतो, दिसो.

7 सप्टेंबरला गणेशचतुर्थी होती. सकाळीं वहिनी खुर्ची टाकून त्या पट्ट्यापाशीं बसल्या आणि तीन पानांच्या कोंवळ्या दूर्वा मोजून खुडूं लागल्या. तबक पुतण्याच्या हातांत होतें. मधला एक डाग अद्याप भरला नव्हता. त्याकडे बोट दाखवून त्यानें विचारलें, "काकू, एवढीच जागा मोकळी कां हो?"

मान वर न करितां त्या म्हणाल्या, "ती होय? ती भाऊजींची."