जमीर बीच में

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना इंग्रजी शिकवतो. आम्ही म्हणजे एकटेच. उर्दूतल्या ‘हम’ची सवय मराठीतही उतरली आहे, वाचकांनी तो मोठेपणा समजू नये.

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणवर्गात नमुना पाठ घेण्याची पाळी आमच्यावर आली. डोक्यावर पंखा खडखडत होता, आवाज मागच्या बाकापर्यंत पोचेना. दाराजवळ बसलेल्या शिक्षकाला आम्ही ऐटीत सांगितले, ‘प्लीज, टर्न ऑफ इट.’ पंखा बंद झाला, म्हणून लोकांचे हसणे अगदी स्वच्छ ऐकू आले. तज्ज्ञ म्हणाले, ‘टर्न इट ऑफ म्हणा.’ आम्ही विचारले, ‘सर, टर्न ऑफ द फॅन चालते, मग टर्न ऑफ इट का चालत नाही?’ ते म्हणाले, ‘ते तसेच असते.’

‘तसेच असते’ हे उत्तर आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आमचे बालपण सोलापूरचे. घरात दखनी. आम्ही ‘मेरेकू होना’ म्हणायचो, शाळेत उस्ताद ‘मुझे चाहिए’ म्हणायला लावायचे. दखनीत ‘मैं रोटी खाया’ म्हणतात, म्हणून मराठीत आम्ही ‘मी भाकरी खाल्लो’ म्हणायचो आणि मराठी मित्र हसायचे. इंग्रजी आम्हाला पाचवीत भेटली. राज्यात ती पहिलीपासून आली २००० साली, तोवर आमची पहिली मागे पडली होती. मोठमोठे शब्द माणूस पाठ करू शकतो. पण मी, मला, तो, त्याला या चिमुकल्या शब्दांपाशी त्याचे घर उघडे पडते. त्या दिवशी आमचे घर एका ‘इट’पाशी उघडे पडले.

बी.एड.ला आम्ही पाठटाचणे पुष्कळ काढली होती, पण हे कोणी सांगितले नव्हते. मग शब्दकोश आणि व्याकरणाची पुस्तके घेऊन बसलो. तेव्हा कळले की या दुखण्याने बेजार झालेले आपण पहिले नव्हे. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला इंग्रजी कोश काढला. क्रियापदाला एखादा छोटा शब्द चिकटवून अर्थ पालटण्याची ही रीत परक्या माणसाला सर्वांत अवघड जाते, असे त्याने प्रस्तावनेतच मान्य केले आहे. लोगन पिअरसॉल स्मिथने १९२५ च्या आपल्या पुस्तकात अशा जोड्यांना ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हटले आणि ते नाव रूढ झाले.

आणि खरे पाहता ही रीत आपल्याला इतकी परकी नाही. ‘खाऊन टाक’ म्हणताना आपण काही टाकत नाही, ‘बोलून बसलो’ म्हणणारा उभाही असू शकतो. उर्दूत ‘मार डाला’, ‘कर बैठा’ आहेच. आपण मूळ क्रियापदाला दुसरे क्रियापद जोडतो, इंग्रज ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ जोडतो. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे. वर्गात हे सांगितले तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावरची भीती निम्मी उतरली.

मग आम्ही नियम सांगितला. उर्दू व्याकरणात क्रियापदाला फेल, शब्दयोगी अव्ययाच्या जातीच्या शब्दाला हर्फ-ए-जार आणि सर्वनामाला जमीर म्हणतात. फळ्यावर लिहिले : ‘टर्न ऑफ द फॅन’ बरोबर, ‘टर्न द फॅन ऑफ’ही बरोबर. पण पंख्याच्या जागी ‘इट’ आला की तो मध्येच हवा. कारणही सांगितले. इंग्रजी वाक्यात नवी गोष्ट सहसा शेवटी ठेवतात आणि तिच्यावर जोर देतात. ‘इट’ म्हणजे ज्याचे नाव आधीच कळले आहे असा हलका शब्द. त्याने मध्ये सरकावे आणि शेवटची जोराची जागा ‘ऑफ’ला द्यावी. पिक इट अप, थ्रो देम अवे, वेक हर अप. मुलांनी एका सुरात पाठ केले : जमीर बीच में.

तज्ज्ञांनी जे सांगितले नाही ते आपण सांगितले, या समाधानात आम्ही पुढचे दोन महिने होतो.

सहामाहीच्या परीक्षेत ‘माझे कुटुंब’ या विषयावर काही ओळी लिहायच्या होत्या. नववीतल्या एका मुलीने लिहिले होते, ‘माय दादी लुक्स मी आफ्टर.’ आम्ही लाल पेनाने वाक्य खोडले आणि एक गुण कापला. पेपर वाटले तेव्हा ती टेबलाजवळ आली आणि हळूच म्हणाली, ‘सर, आपनेच तो बोले थे, जमीर बीच में.’

आम्हाला उत्तर सुचेना. उर्दूत जमीर म्हणजे सर्वनाम, आणि जमीर म्हणजे माणसाच्या आतला खरे-खोटे ओळखणारा आवाजही. वर्षानुवर्षे हा शब्द फळ्यावर लिहिणारे आम्ही, पण त्याचा दुसरा अर्थ त्या क्षणी आठवला. चूक तिची नव्हती. तिने आम्ही सांगितले ते इमानदारीने पाळले होते. आम्ही अर्धा नियम पुरा म्हणून शिकवला होता आणि त्याचा गुण तिच्याकडून वसूल केला होता.

त्यातून आणखी एक गोष्ट टोचली. त्या वाक्यात आई नव्हती. मूल आजीजवळ वाढते आहे हे त्याच ओळीत लिहिले होते. आम्ही ते वाचलेच नव्हते, फक्त तपासले होते. नंतर कळले, आई दोन वर्षांपूर्वी गेली. दादी विड्या वळून घर चालवते.

दुसऱ्या दिवशी वर्गात उभे राहून आम्ही सांगितले, ‘गलती हमारी थी.’ ज्यांचे ज्यांचे गुण या कारणाने गेले होते, ते परत दिले. मग नियमाची उरलेली बाजू मांडली. ‘टर्न ऑफ’मधला ‘ऑफ’ क्रियापदाचा जोडीदार आहे, तो सुटा होऊन शेवटी जाऊ शकतो. ‘लुक आफ्टर’मधला ‘आफ्टर’ मात्र हर्फ-ए-जार आहे. तो आपल्या जमीरला पुढेच धरून ठेवतो, म्हणून ‘लुक आफ्टर मी’. तीन शब्दांच्या जोड्यांतही तसेच. ‘पुट अप विथ हिम’ म्हणजे त्याला सहन करणे, ‘लुक अप टू हर’ म्हणजे तिला आदर्श मानणे. दोन्हींत जमीर शेवटी. ओळखायची खूणही दिली. आधी सर्वनामाऐवजी नाम घालून पाहा. ‘टर्न द फॅन ऑफ’ म्हणता येते, म्हणून ‘टर्न इट ऑफ’. ‘लुक दादी आफ्टर’ कोणी म्हणत नाही, म्हणून ‘लुक मी आफ्टर’ही नाही. आणि जिथे शंका वाटेल तिथे कोश उघडा, आम्हीही उघडतो.

एका मुलाने विचारले, ‘सर, आपको पहले नहीं मालूम था?’ आम्ही म्हणालो, ‘मालूम था, पूरा बताया नहीं था.’ आम्हाला वाटले होते की असे बोलल्याने वर्गावरचा वचक जाईल. उलट त्यानंतर मुले जास्त विचारू लागली, आणि ‘तसेच असते’ म्हणण्याची सोय आमच्याकडे उरली नाही.

ती मुलगी वही घेऊन आली. तिने वाक्य पुन्हा लिहिले होते, ‘माय दादी लुक्स आफ्टर मी.’ खाली आपल्या मनाने आणखी एक ओळ जोडली होती, ‘ॲट नाइट आय लुक आफ्टर हर.’

आम्ही विचारले, ‘रात को क्यों?’

म्हणाली, ‘विड्या वळून हात दुखते ना सर उसके. मैं तेल लगाती.’

त्या दोन्ही ओळींवर आम्ही बरोबरची खूण केली. या वेळी आधी वाचल्या, मग तपासल्या.