राणीला कव्हर हवे

मालेगावात यंत्रमागांचा खडखडाट कधी थांबत नाही, असे बाहेरचे लोक म्हणतात. ते पूर्ण खरे नाही. जुम्म्याला माग बंद असतात आणि २००० नंतरच्या वर्षांत, आम्ही शाळेत होतो तेव्हा, लोडशेडिंगमुळेही ते बंद पडत. माग थांबले की मोहल्ल्यात दुसरा आवाज ऐकू येई, स्ट्रायकर सोंगटीवर आदळल्याचा. तो कॅरम क्लबातून येई.

क्लब म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. तीन बोर्ड, प्रत्येक बोर्डावर खाली लोंबणारा बल्ब, बोरिक पावडरचा डबा आणि भिंतीला टेकून आपल्या नंबराची वाट पाहणारी आम्ही पोरे. हरणाऱ्याने बोर्डाचे भाडे द्यायचे, हा तिथला पहिला कायदा. लाईट गेली तर कडेला मेणबत्त्या लावून डाव पुरा होई.

घरात क्लबचे नाव काढायची सोय नव्हती. तिथे विडी चाले, शिव्या चालत, कधीकधी पैसेही लागत. पैशाची बाजी हराम, तेव्हा वडीलधाऱ्यांचा राग वाजवी होता. पण त्या रागात एक गोष्ट नजरेआड होत असे. कारखान्यात ज्याला मुकादम नावाने हाकही मारत नसे, तो मागवाला इथे 'उस्ताद' होता. समोरच्या कडेला सोंगटी आपटून तो ती आपल्याच बाजूच्या भोकात उतरवी, तेव्हा सारी खोली 'वाह' म्हणे. चौथी-पाचवीत शाळा सुटलेली ही माणसे कोन आणि वेगाचा हिशेब नुसत्या नजरेने करत. पुढे बी.एड.ला 'कृतीतून शिक्षण' हा धडा आला, तेव्हा आम्हाला पुस्तकाआधी उस्तादांची बोटे आठवली.

शिस्तही तिथेच पाहिली. हात लागून सोंगटी हलली तर ज्याचा हात लागला त्यानेच सांगायचे. स्ट्रायकर भोकात गेला तर आपली एक सोंगटी मुकाट परत ठेवायची. आणि राणी घेतली म्हणजे ती आपली झाली असे नाही. लागलीच आपली सोंगटी घेऊन तिला कव्हर दिले नाही, तर राणी पुन्हा बोर्डाच्या मधोमध जाते. उस्ताद नव्या पोराला आधी हेच बजावत, "बेटा, रानी के पहले कव्हर देख."

८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या जुम्म्याला, बडा कब्रस्तान परिसरात बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर मगरिबची अजान झाली की घराघरांतून पोरांना हाका सुरू होत. चार तरुण मुले रात्री एका खोलीत बसलेली दिसणे, हीच अम्मींना भीतीची गोष्ट वाटू लागली. त्या प्रकरणात पकडलेल्या मुस्लिम तरुणांना न्यायालयाने २०१६ साली आरोपमुक्त केले. तोवर दहा वर्षे गेली होती. आमच्या क्लबचे बोर्ड केव्हाच विकले गेले होते.

आज आमचे विद्यार्थी कॅरम खेळतात, पण मोबाईलवर. नेम कुठे लागेल ती रेघ पडद्यावर आपोआप उमटते. समोर कोण बसला आहे ते दिसत नाही. चूक कबूल करण्याची वेळच येत नाही, कारण निवाडा यंत्र करते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्या क्लबात मुलींना पाऊल टाकता येत नव्हते. २०२४ साली अमेरिकेत झालेल्या कॅरमच्या विश्वचषक स्पर्धेत चेन्नईच्या एम. काझिमा या सतरा वर्षांच्या मुलीने तीन सुवर्णपदके जिंकली. वडील रिक्षाचालक. ही बातमी आम्ही वर्गात वाचून दाखवली, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, बोर्ड केवढ्याला मिळतो?"

त्या प्रश्नाचे उत्तर आपण सर्वांनी द्यायचे आहे. शाळा सुटल्यावर एक वर्ग रिकामाच असतो. त्यात दोन बोर्ड मांडावेत, मुला-मुलींच्या वेळा ठरवाव्यात, विडी आणि पैसा दाराबाहेर ठेवावा. शिकवायला मोहल्ल्यातले जुने उस्ताद आहेतच. केस पांढरे झालेत, पण बोटे अजून सरळ चालतात. आमच्या वस्त्यांत हुनर कधीच कमी नव्हता. राणी अनेकांनी घेतली. कव्हर द्यायला तेवढे कोणी नव्हते.