चिंगीची लाळ

मांजर खुशीत आलं की कधीकधी त्याच्या तोंडातून लाळ गळते, हे मांजर पाळणाऱ्यांना ठाऊक असतं. आमची चिंगीही मांडीवर घुरघुर करत पंजांनी कपडे मळू लागली की दोन-चार थेंब सांडायची. ती पाण्यासारखी, बिनवासाची लाळ. उठून गेली की थांबायची. त्यात काळजीचं काही नसतं.

गेल्या पावसाळ्यात सुरू झाली ती लाळ वेगळी होती. चिकट, तार लोंबणारी, कुजकट वासाची, मधूनच रक्ताची रेघ असलेली. हनुवटीखालचे केस चिकटून बटा झाल्या होत्या. तोंड पुसून पुसून पुढचे पांढरे पाय तपकिरी पडले होते. बघवत नव्हतं ते तिचं जेवण. भूक भरपूर होती. बांगडा उकडायला ठेवला की ओट्यापाशी येऊन ओरडायची, बशीकडे धावायची, पण पहिला घास तोंडात घेताच बशीनेच चावा घेतल्यासारखी किंचाळून मागे सरकायची.

आई मूळची मालवणची. काटा अडकलाय, भाताचा गोळा भरव, असं तिचं म्हणणं. डॉक्टरांनी फोनवरच बजावलं, की बळेच काही भरवू नका, घास श्वासनलिकेत जाईल. आणि तोंडात बोटंही घालू नका. मग एकामागून एक प्रश्न. रेबीजची लस झाली आहे का? रेबीज झालेल्या जनावराला गिळता येत नाही, म्हणूनही लाळ गळते. घरात कुत्रा आहे का? कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही गोचीडनाशक औषधांत परमेथ्रिन असतं. मांजराला ते विषासारखं भिनतं, लाळ सुटते, अंग थरथरतं, झटके येतात. गॅलरीत मनीप्लांट आहे का? त्याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, पान चावलं की तोंडाची आग होते. हे सगळं विचारून झाल्यावर त्यांनी तपासायला बोलावलं आणि रक्तही घेतलं, कारण मूत्रपिंडं बिघडली की मळमळ होते, तोंडात व्रण पडतात आणि लाळ वाढते.

चिंगीची मूत्रपिंडं चांगली होती. दुखणं तोंडातच होतं. भूल देऊन जबडा उघडला तेव्हा हिरड्या आणि दाढांच्या मागचा कोपरा लालभडक, सुजलेला दिसला. याला स्टोमॅटायटिस म्हणतात. दातांवरच्या किटणाविरुद्ध शरीराची प्रतिकारशक्ती इतकी पेटून उठते, की स्वतःचंच तोंड सोलवटून काढते. वेदनाशामकांनी थोडे दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. शेवटी डॉक्टरांनी सगळ्या दाढा आणि उपदाढा काढायला सांगितल्या.

घरात सगळे हबकले. दाढा काढल्यावर ती खाणार काय? पण मांजर आपल्यासारखं चावून चावून खात नाही. त्याच्या दाढा मांस कातरायला असतात, आणि पाळलेल्या मांजराला मऊ अन्न आयतं मिळतं. त्या सडक्या दाढांसकट तिला ठेवणं हीच खरी क्रूरता झाली असती, असं मला आजही ठामपणे वाटतं.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दिलेलं वेदनेचं औषध, आणि उकडून मिक्सरमधून काढलेलं चिकन. कोमट, म्हणजे वास सुटतो आणि मांजर बशीपाशी येतं. मीठ-मसाला काही नाही. कांदा-लसूण तर मांजराला विषच. हनुवटी कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या मऊ कापडाने टिपायची, घासायची नाही. काही मांजरांना पुढेही औषध घ्यावं लागतं. चिंगीला लागलं नाही. आता ती सुकं खाणंही गिळते.

तुमच्या मांजराची लाळ अचानक वाढली आणि त्याने खाणं सोडलं, तर एका दिवसापेक्षा जास्त थांबू नका; उपाशी मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचू लागते. आणि दुखत असेल म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी, अगदी तुकडाभरसुद्धा, देऊ नका. मांजराच्या यकृताला ती पचत नाही. तेवढ्यानेही मांजर दगावू शकतं.